उत्तराआधीचा शिरा

भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. डोळे मिटून बसलेल्या माणसाशी कसं भांडायचं, हे मला कुणी शिकवलं असतं तर त्याचे लई उपकार झाले असते.

आमचे हे, म्हणजे शेषेराव, पाटबंधारे खात्यातनं रिटायर झाले. नोकरीत होते तोवर ह्यांचा राग अख्ख्या कॉलनीला ठाऊक होता. भाजीत मीठ कमी पडलं की ताट मोरीत. ऑटोवाल्यानं शब्द फिरवला की भर रस्त्यात तमाशा. एकदा तर सोसायटीच्या मीटिंगमधी खुर्ची उचलली होती. मग बीपी वाढलं, रात्रीची झोप गेली, आणि डॉक्टरनं सरळच सांगितलं की गोळ्या वाढवून काही होणार न्हाई, डोकं थंड करा. कुण्या मित्राच्या नादानं हे ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले. गेले ते शेषेराव आणि परत आले ते कोण, मला अजून उमगलं न्हाई.

तेव्हापासून रोज पहाटे उठायचं, मधल्या खोलीत चटई टाकायची आणि श्वासाकडं बघत बसायचं. मी म्हटलं, श्वासात काय बघायचं? चालूच असतोय की तो. बंद पडला तर बघावं माणसानं. ह्यांनी हसून घेतलं. पूर्वीचे असते तर त्या एका वाक्यावर दुपारपर्यंत महाभारत चाललं असतं.

खोटं कामून बोलू, फायदा झाला. बीपीची गोळी अर्ध्यावर आली. पडल्या पडल्या झोप लागते, आणि असे घोरतात की माझी जाते. मीठ कमी असलं तर स्वतः उठून डबा घेतात. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतात, मग तोंड उघडतात. शेजारच्या गोदावरीबाई म्हणतात, "सिंधुताई, नशीब काढलं तुम्ही." कसलं नशीब? फायदा ह्यांचा आणि ताप माझा. पूर्वी घरातलं निम्मं भांडण हे करायचे, आता सगळंच माझ्या अंगावर पडलं. दूधवाल्याला पाणी घालतो म्हणून कुणी बोलायचं? मी. नळ आला न्हाई तर महापालिकेत फोन कुणी लावायचा? मी. वरच्या भाडेकरूंचा गोंधळ कुणी थांबवायचा? मीच. हे आपले खुर्चीत बसून "होईल, होईल" म्हणून राहिले.

दूधवाल्यापुरतं ते चालून गेलं असतं. पण दिवाळीनंतर आमची आरती लातूरहून एक बॅग घेऊन दारात उभी राहिली.

आरती आमची एकुलती. एम.एस्सी. झाली, शाळेत शिकवत होती. लातूरच्या सत्यमशी लग्न लावून दिलं. घरचं कापडाचं दुकान, माणसं बोलायला गोड. पहिल्या वर्षातच नोकरी सोडायला लावली. मग फोन सासूच्या कपाटात जाऊ लागला. मग एकदा त्यानं हात उचलला. हे सगळं मी तिच्याकडून उकरून उकरून काढलं, न्हाईतर ती काही सांगायला तयार न्हाई. पोरगी मुकीच झाली होती जणू. सकाळी उठली की मी विचारायची, "आरती, डोकं दुखून राहिलं का? दुखणारच, रात्रभर कूस बदलत होतीस. थांब, बाम लावते. भूक न्हाई म्हणू नको, दोन घास खायचेच." ती मान हलवायची. कुणी फोनवर विचारलं तर मीच सांगायची की हवापालटाला आलीय. गोदावरीबाईंनी विचारलं तर मीच. तिला कशाला तोंड द्यायला लावायचं? आई असते कशाला मग?

ह्यांनी तिला एकदाही काही विचारलं न्हाई. मला लई राग यायचा. म्हटलं, "अहो, बाप ना तुम्ही? जा लातूरला, त्या पोराची गचांडी धरा. तो राग कुठं ठेवलात तुमचा?" तर म्हणाले, "तिला बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल." तेव्हा, तेव्हा. तोवर काय पंचांग बघत बसायचं?

आणि एक दिवस बघते तर काय, पहाटे ह्यांच्या शेजारी दुसरी चटई. आरती मांडी घालून बसलेली. बाप-लेक दोघंही डोळे मिटून. संसार मोडायला आलाय आणि ही श्वास बघून राहिली. पण मग ती रोजच बसू लागली. रात्री तिच्या खोलीतला दिवा लवकर बंद होऊ लागला. एकदा तर भाकरी थापताना तिला गुणगुणताना ऐकलं, आणि मी दारातनं मागं फिरले.

मग मीही बसून बघितलं. मला पटलं म्हणून न्हाई, ह्यांच्या तोंडावर मारायला, की बघा, मीही बसले, काही होत न्हाई. डोळे मिटले आणि पहिल्यांदा आठवलं की कुकरचं झाकण नीट बसत न्हाई. मग जाऊबाईंनी लग्नात दिलेलं लुगडं किती हलकं होतं ते आठवलं. मग सत्यमचं तोंड दिसलं आणि मी मनातल्या मनात त्याला असं काही सुनावलं की माझे दातच वाजले. ह्यांनी डोळे न उघडता विचारलं, "मन पळालं का?" म्हटलं, "पळालं न्हाई, कामाला गेलंय. तुमच्यासारखं रिटायर झालं न्हाई ते." आणि उठले. नंतर दोन-चारदा बसले, पण गुडघा दुखतो ह्या नावाखाली सोडून दिलं. गुडघा धड आहे माझा.

होळीच्या आधी गुरुपादप्पांचा फोन आला. ते लातूरच्या बाजारातले जुने आडते, वयानं मोठे, दोन्ही घरांत ऊठबस. सोयरीक त्यांनीच जुळवलेली. म्हणाले, रविवारी व्याह्यांना आणि पोराला घेऊन येतो, बैठक करू, मिटवून टाकू.

आमच्याकडं अशा बैठकीची एक रीत आहे. निकाल लागेपर्यंत पाहुण्यांसमोर पाणी आणि सुपारी, दुसरं काही न्हाई. बायका आत. शेवटी मुलीच्या बापानं हात जोडायचे, "पोर तुमची, पदरात घ्या" म्हणायचं. मग आतून गोड येतं. गोड आलं की मिटलं. त्यावर पुन्हा बोलायचं न्हाई, मुलगी गाडीत बसवायची. गोड तोंडात घालून शब्द फिरवला तर दहा गावं नावं ठेवतात. म्हणून शिरा आधी करून ठेवावा लागतो. न्हाई केला तर त्याचा अर्थ आधीच नकार, आणि आलेल्या माणसाचा अपमान.

तर रविवारी सकाळी मी शिरा भाजून राहिले होते. आरतीला तसंच त्या घरात धाडायचं? माझं मन न्हाई म्हणत होतं. आणि न धाडलं तर? जन्मभर पोर माहेरी, लोकांची तोंडं कोण धरणार, आम्ही गेल्यावर तिचं कोण? एकदा हे वाटायचं, एकदा ते. पण एक पक्कं होतं, ह्यांनी हात जोडता कामा नये. आणि मला तीच भीती. हा माणूस आता इतका थंड झालाय की कुणी म्हटलं जोडा, तर जोडतीलही.

"अहो," मी म्हटलं, "आज एक दिवस तुमचा जुना राग बाहेर काढा. एकच दिवस. मग परत जन्मभर डोळे मिटून बसा."

"बघू," म्हणाले.

"श्वास बघता तेवढं पुरे की. इथं काय बघायचं?"

हे सदऱ्याची बटणं लावत राहिले.

ते तिघं दहाच्या सुमारास आले. गुरुपादप्पा, व्याही अवधूतराव आणि आमचे जावई सत्यम. पाणी झालं, सुपारी झाली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, आरती मधल्या खोलीत. बोलायला अवधूतरावांनी सुरुवात केली. भांड्याला भांडं लागतंच. पोरगं तापट आहे पण मनाचं वाईट न्हाई. सून म्हणून कधी परकी मानली न्हाई. बोलले, बोलले, ह्यांनी एका शब्दानं अडवलं न्हाई. माझा कालथा हातातच होता, तो मी इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

मग गुरुपादप्पा म्हणाले, "शेषेराव, झालं गेलं गोदेला मिळालं. मुलगी दिली की आपली राहत न्हाई. हात जोडा, मिटवून टाका."

मी श्वास रोखला.

हे म्हणाले, "आरतीला बोलावतो."

गुरुपादप्पांच्या कपाळाला आठी पडली. बैठकीत मुलीला बोलावत न्हाईत. आरती आली, भिंतीला टेकून उभी राहिली. ह्यांनी दिवाणावर सरकून जागा केली, शेजारी बसवलं आणि साध्या आवाजात विचारलं, "बाळ, तुला काय वाटतं? जायचंय का तुला लातूरला?"

आरती काही बोलली न्हाई. तिचं लक्ष स्वतःच्या हातांकडं.

आणि हेही काही बोलले न्हाईत.

देवा, ती शांतता. वरचा पंखा करकरत होता तेवढाच आवाज. अवधूतराव खाकरले. सत्यमनं गाडीची किल्ली ह्या हातातनं त्या हातात घेतली. गुरुपादप्पा म्हणाले, "अहो, पोरीला काय विचारायचं," तर ह्यांनी नुसता हात वर केला, थांबा म्हणून. परत शांतता. बोल गं बाई, काहीतरी बोल. न्हाई म्हण. हाव म्हण. दोनदा माझ्या तोंडात आलं की आतूनच सांगावं, तिला न्हाई जायचं. दोनदा गिळलं, कारण मलाच पक्कं ठाऊक नव्हतं. कुणीतरी काहीतरी करा रे, जीव गुदमरून राहिला माझा.

कुणी काही करेना, तर माझ्या हातांनी केलं. वाट्या होत्या, शिरा होता. मी भरल्या, ताटात ठेवल्या आणि बाहेर गेले. खरं सांगते, त्या घडीला रीत-बीत काही डोक्यात नव्हतं. पाहुणे गप्प बसलेत, म्हणजे खायला द्यावं, एवढंच हातांना कळलं.

गुरुपादप्पांचं तोंड उजळलं. "बघा," म्हणाले, "आईनं निकाल दिला. शेवटी आईचं काळीज. घ्या, तोंड गोड करा." अवधूतरावांनी वाटी उचलली. "सत्या, सूनबाईची बॅग गाडीत ठेव," म्हणाले, आणि सत्यम उठलाही.

मी तिथंच थिजले. आरतीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. असंच होणार हे तिला आधीपासून माहीत होतं, असं ते बघणं होतं.

जुने शेषेराव असते तर वाट्या भिंतीवर गेल्या असत्या, आणि त्या गोंधळात पोरीला कुणीतरी हाताला धरून बाहेर नेलं असतं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे उठले. गुरुपादप्पांनी चमचा तोंडाशी नेला होता, त्यांच्या हातातली वाटी ह्यांनी अलगद काढून घेतली.

"आप्पा, थांबा. उत्तर आलं न्हाई अजून."

"अहो, पण गोड आलं ना बाहेर."

"आलं. परत बी जाईल. हा शिरा घाबरून आलाय, निकाल लागून न्हाई." आवाज चढला न्हाई. अवधूतरावांच्या पुढं हात केला, त्यांनीही वाटी दिली. काय करतील? ओरडणाऱ्यावर ओरडता येतं. ताट माझ्या हातात देऊन म्हणाले, "सिंधु, झाकून ठेव. जावईबापू, बसा खाली."

सत्यम बसला. हे परत दिवाणावर जाऊन बसले, गुडघ्यांवर हात, पाठ सरळ. पहाटे बसतात तसेच. लाजेनं माझे कान तापले होते, आणि त्या तापलेल्या कानांनी मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस रोज पहाटे काय करत होता. मला वाटायचं, जगाकडं पाठ फिरवून बसतोय. न्हाई. आत तगमग उठली तरी जागचं हलायचं न्हाई, हे शिकत होता. त्या खोलीत आम्ही सगळे पळत होतो. कुणी किल्लीकडं, कुणी खोकल्याकडं, मी शिऱ्याकडं. बसला होता तो एकटा. आणि त्याच्या शेजारी त्याची लेक.

परत तीच शांतता. मी ताट धरून दारातच उभी, पण आत गेले न्हाई.

"लातूरला मी येणार न्हाई," आरती म्हणाली. आवाज लहान होता, पण फुटला न्हाई.

माझा जीव भांड्यात पडला. अवधूतराव लाल झाले. "मग बसवा घरी जन्मभर," म्हणाले. "माहेरची भाकरी गोड लागून राहिली."

"इथं पण राहणार न्हाई," आरती म्हणाली. "अहमदपूरला शाळेत विज्ञानाची जागा आहे. मनस्विनी आहे तिथं, माझी मैत्रीण. तिनं बोलून ठेवलंय. तिच्या खोलीवर राहीन."

ह्यांनीही चमकून तिच्याकडं बघितलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण ते बसून राहिले. आणि मी? मी ताट टीपॉयवर आपटलं आणि बैठकीच्या मधोमध उभी राहिले.

"इथं राहणार न्हाई म्हणजे? काय कमी केलं गं आम्ही तुला? दिवाळीपासून हातावर झेललं. तुला खायला-प्यायला, तुझ्यासाठी लोकांशी भांडायला मी. आणि चार पाहुण्यांसमोर सांगतेस, इथं राहणार न्हाई? कुणी भरवलं तुला हे? त्या मनस्विनीनं?"

"आई," ती म्हणाली, "तिथं मला बोलू देत न्हाईत. इथं माझं सगळं तूच बोलतेस. माझं डोकं दुखतंय का न्हाई, ते सुद्धा तू सांगतेस."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. गुरुपादप्पा, अवधूतराव, तो सत्यम सुद्धा. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं होतं, ते बघून माझ्या डोक्यात जाळ झाला. उत्तरं तर तयारच होती. एक न्हाई, पन्नास. तुला नऊ महिने पोटात कुणी वाढवलं. आईच्या काळजीला असं नाव देतात काय. एकटी पोर अहमदपुरात राहणार, लोक काय म्हणतील. मी ह्यांच्याकडं बघितलं, की अहो, सांगा तिला काहीतरी. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, पण माझ्यासाठी बोलले न्हाईत. मला रागावलेही न्हाईत. नुसते बघत राहिले, जसे तिच्याकडं बघत होते तसे.

मी तोंड उघडलं. श्वास आत गेला. तो बाहेर पडताना त्याच्याबरोबर एकही शब्द जाऊ दिला न्हाई. काय सांगू, तोंडात निखारा धरल्यागत झालं. आत सगळं पळत होतं, ओरडत होतं. मी तिच्या पायाशी फरशीवरच बसले, पुरुषांच्या बैठकीत, पदराचंही भान न्हाई. आणि म्हटलं, "बोल."

एवढंच. पुढं किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी मधी पडले न्हाई.

"पहिल्या वेळी त्यांनी मारलं ना," ती म्हणाली.

पहिल्या वेळी. मी ह्यांना आणि स्वतःला एकदाच म्हणून सांगत आले होते. सत्यमचं हसू गेलं, तो दाराकडं बघायला लागला. गुरुपादप्पांनी मान खाली घातली.

"त्या दुपारी मी तुला फोन केला होता, आई. सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा. सांगायलाच केला होता."

मला तो फोन आठवला. महालक्ष्म्यांचे दिवस होते. फराळाचं काय काय केलं, कोण कोण येऊन गेलं, तू तिकडं नीट राहा, मोठ्यांना उलटून बोलू नको, बरी आहेस ना, बरीच असणार. त्या फोनवरचा शब्द न् शब्द मला आठवला, कारण तो सगळा माझाच होता.

ती पुढं सांगू लागली. मी ऐकत बसले.